हिरावलेले अजिंक्यपद पुन्हा जिंकले!

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली संपली आणि दोनच वर्षांनी वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ उभे राहिले. कृष्णवर्णीयांच्या कितीतरी पिढ्या येथे शिकून पुढे आल्या. १९७१ साली याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने बलाढ्य सेंट लुईस विद्यापीठाला ३-२ असे हरवून राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन अजिंक्यपद पटकाविले.

परंतु हा आनंद टिकला नाही. काही खेळाडूंच्या पात्रतेवर आक्षेप घेऊन क्रीडा संघटनेने ते पद काढून घेतले. संघात त्रिनिदाद, जमैका व आफ्रिकेतील विद्यार्थी होते. विद्यापीठ न्यायालयात गेले. परदेशी विद्यार्थ्यांना वेगळी वागणूक देणारा नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. मात्र इतर नियम कायम राहिले आणि पद परत मिळाले नाही.

प्रशिक्षक लिंकन फिलिप्स हे स्वतः त्रिनिदादचे नामवंत गोलरक्षक. त्यांनी संघ पुन्हा बांधला. १९७४ च्या हंगामात हॉवर्डने १९ पैकी १९ सामने जिंकले. ६३ गोल केले, अंगावर घेतले फक्त ६. अंतिम सामना पुन्हा सेंट लुईसशीच, तोही त्यांच्याच शहरात! १-१ अशी बरोबरी झाली. जादा वेळ द्यावा लागला, तोही चार वेळा. अखेर हॉवर्डने निर्णायक गोल केला. हे पद मात्र कोणालाही हिरावून घेता आले नाही.

ही हकीकत घरातील मुलामुलींना अवश्य सांगा. अन्याय झाला म्हणून हॉवर्डची पोरे रडत बसली नाहीत. न्यायालयात दाद मागितली आणि मैदानावरचा सरावही सोडला नाही.