सहाजणांना ‘नाही’ कसं सांगायचं? : भाडेकरू निवडताना

आज करारनाम्याच्या आधीच्या टप्प्याबद्दल बोलू. घर बघायला सातजण आले, घर एकच. एकाला कसं निवडायचं हे सगळे विचारतात. उरलेल्या सहाजणांना काय सांगायचं, हे फारसं कुणी विचारत नाही.

आमचंच सांगतो. पुण्यात सिंहगड रस्त्याला आमचा वन बीएचके आहे. काही वर्षांपूर्वी एक नर्स घर बघायला आली. एकटी राहणार होती, रात्रपाळी असायची. पगार नियमित, आधीच्या घरमालकाचा नंबरही आपणहून दिलेला. आम्ही तो फिरवलासुद्धा नाही. शेजारचे म्हणाले, “रात्री-अपरात्री येणं-जाणं, कशाला डोक्याला ताप?” आम्ही तिला कळवलं, आमचा भाचा राहायला येतोय. चार दिवसांनी तिचा फोन आला. जाहिरात तशीच होती. “काका, भाचा आला नाही का?” एवढंच तिनं विचारलं. आम्हाला काही बोलता आलं नाही.

नंतर आम्ही दोघांनी बसून विचार केला. घरमालक म्हणून आपल्याला कळायला हवं ते इतकंच: भाडं वेळेवर येईल का, घर नीट राहील का आणि मुदत संपल्यावर ते सोडतील का. रात्रपाळीवरून यातलं काय कळतं? आडनावावरून, ताटातल्या मासळीवरून, लग्न झालंय की नाही यावरून तरी काय कळतं?

खरी भीती असते ती ‘घर बळकावतील’ ही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याचं कलम 24 बघा. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहत्या घराचा ताबा सोडला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवायचा आणि माणसं मात्र आडनावावरून चाळायची, हा उलटा कारभार झाला.

म्हणून आता आम्ही जाहिरात द्यायच्या आधीच निकष वहीत लिहितो. आमचा अंदाज असा, की उत्पन्न भाड्याच्या साधारण तिप्पट असावं. डबे करणाऱ्या बाईंकडे किंवा रिक्षावाल्याकडे सॅलरी स्लिप नसते. तिथं सहा महिन्यांचं पासबुक बघायचं. आधीच्या मालकाला फोन करायचा, जमल्यास त्याच्याही आधीच्या. कारण आत्ताच्या मालकाला भाडेकरू घालवायचा असेल तर तो तोंड भरून कौतुक करील! “माणसं कशी आहेत?” असं मोघम विचारू नका. “डिपॉझिट पूर्ण परत केलंत का?” असं विचारा. काही वाईट कळलं, तर नकार देण्याआधी समोरच्याची बाजू ऐका. डिपॉझिटचं भांडण कधीकधी मालकानंच काढलेलं असतं.

दोघं निकषात बसले, तर आधी होकार कळवेल त्याला घर. टोकन एकाकडूनच. आधार कार्डाची प्रतही ठरलेल्या माणसाकडूनच मागा, करारासाठी आणि पोलिसांना माहिती देण्यासाठी. सातजणांची आधार कार्डं आपल्या मोबाईलमध्ये कशाला हवीत?

‘सोसायटीत बॅचलर चालत नाहीत’ हे तर हमखास कारण. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्यानं देताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. कायद्याचं म्हणाल, तर खासगी घरमालकाला सरसकट लागू होईल असा भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. पण एचआयव्हीबाधितांना 2017 च्या आणि तृतीयपंथी व्यक्तींना 2019 च्या कायद्यानं घर भाड्यानं घेण्यात संरक्षण दिलंय. त्या कारणावरून नाही म्हणता येत नाही.

आता नकाराचं. ठरलं की त्याच दिवशी कळवा. ‘बघू, सांगतो’ म्हणून लटकवलं, की तो माणूस दुसरं घर हातचं घालवतो. दोन ओळी पुरतात: “घर दुसऱ्यांना द्यायचं ठरलं, त्यांचा होकार आधी आला होता.” किंवा, “आम्ही भाड्याच्या तिप्पट उत्पन्न धरतो, त्यात बसत नव्हतं.” जे खरं असेल तेच.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली: खरं कारण सांगितलं तर लोक वाद घालतात, मग? घालतात, ताई. आमच्याशी एका मुलानं घातला. त्याचा पगार कमी पडत होता, तसं आम्ही कळवलं. तो म्हणाला, “मग भाऊ आणि मी दोघांच्या नावानं करार केला तर?” दोघांचं उत्पन्न मिळून निकषात बसत होतं. ते दोघे भाऊ अजून त्याच घरात आहेत.