ओल, आच आणि झाकण

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक काम ठरलेले असे. गेल्या वर्षीचे उरलेले फटाके माळ्यावरून काढायचे आणि गच्चीवर वर्तमानपत्र पसरून उन्हात घालायचे. पावसाळ्यात सादळलेला फटाका नुसता फुसफुसतो, हे आम्हा पोरांना पक्के ठाऊक होते. आईचा मात्र एकच धोशा असायचा : उन्हात ठेवा, पण चुलीच्या बाजूला फिरकू नका. दारूचे वैरी दोन, ओल आणि आच. एकीने ती निकामी होते, दुसरीने ती आपल्यावरच उलटते.

हे आठवायचे कारण एक नळकांडे. काही वर्षांपूर्वी देहूरोडकडच्या एका भंगाराच्या दुकानात ते दिसले. कमरेपर्यंत उंच, जाड पत्र्याचे, हिरवट रंगाचे, एका तोंडाला खटक्याचे झाकण आणि झाकणाच्या आत रबराची कडी. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, ह्यात तांदूळ भरा, चार पावसाळे सादळणार नाहीत.’ मी ते घरी आणले. अंगावरची पुसट अक्षरे लावता लावता कळले, की हे गोळ्याचे नळकांडे नव्हे. गोळा ज्या दारूच्या जोरावर तोफेबाहेर पडतो, त्या दारूचे हे घर होते. तोफांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, गोळ्यांवर लिहिणारेही आहेत. या डब्याकडे सहसा कोणी वळत नाही. पण एका संध्याकाळी समुद्रावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यात या डब्याच्या झाकणाचा वाटा मोठा होता.

आधी दारूची रचना पाहू. बंदुकीच्या काडतुसात गोळी आणि दारू एकत्र असते. मोठ्या तोफेत तसे करता येत नाही, कारण वजन माणसाला उचलण्यापलीकडे जाते. शिवाय गोळा जवळ टाकायचा की लांब, यावर दारू कमी-जास्त करावी लागते. म्हणून आधी गोळा सारतात, मग मागून दारूच्या पिशव्या भरतात आणि शेवटी पेटवणी लावतात. पिशव्या एकमेकींना बांधलेल्या असतात. कमी पल्ला हवा असेल तर त्यातल्या काही सोडून बाजूला ठेवायच्या.

या पिशव्या पूर्वी रेशमी असत, आणि त्यात चैनीचा भाग नव्हता. सुती कापड जळाले की त्याचा तुकडा निखारा धरून धुमसत राहतो. तो नळीत राहिला आणि वरून पुढची दारू भरली, तर तोफ बंद होण्याआधीच भडका. रेशीम जळून जाते, मागे निखारा ठेवत नाही. पण जो गुण तोफेच्या आत हवा, तोच बाहेर दोष ठरतो. जे कापड क्षणात जळून जावे असे निवडले आहे, ते ठिणगीला काय अडवणार? शिवाय पिशवीच्या टोकाला काळ्या दारूची छोटी गादी शिवलेली असते, कारण आतली मुख्य दारू सहजी पेट घेत नाही. म्हणजे सर्वांत लवकर पेटणारा भाग सर्वांत बाहेर. अशी पिशवी उघडी ठेवता येत नाही. तिला डबा लागतो.

डब्याचे पहिले काम ओल अडवण्याचे. काळी दारू हवेतला दमटपणा ओढून घेते. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर या दोघा रसायनतज्ज्ञांनी कॉर्डाइट तयार केले. गनकॉटन, नायट्रोग्लिसरीन आणि थोडे व्हॅसलीन मिळून ही शेवयांसारखी दोरेदार दारू होते. तिच्यातही हवेमुळे फरक पडतो. द्रावकाचा अंश उडून गेला किंवा दमटपणा शिरला, की जळण्याचा वेग बदलतो. वेग बदलला की गोळ्याचा पल्ला बदलतो, आणि शत्रूवर टाकलेला गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. म्हणून डबा हवाबंद. म्हणूनच त्याच्या अंगावर दारूचा गट क्रमांक लिहिलेला असतो. एका गटाची दारू एकसारखी जळते, दुसऱ्या गटाची किंचित वेगळी. माझ्या नळकांड्यावरची पुसट अक्षरे त्यासाठीच होती.

डब्याचे दुसरे काम आच अडवण्याचे. हे समजायला दारूचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. कॉर्डाइटची मूठभर कांडी उघड्यावर पेटवली तर ती मोठ्या ज्वाळेने जळते, फुटत नाही. उरलेल्या पिशव्या मोकळ्या जमिनीवर पसरून जाळून टाकण्याची रीत तोफखान्यात होतीच. पण हीच दारू बंदिस्त जागी पेटली की वायूला वाट मिळत नाही, दाब वाढतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. तोफेच्या नळीत हेच घडवून आणायचे असते. कोठारात हेच घडले तर कोठाराचीच तोफ होते.

आपल्या किल्ल्यांवरची दारूकोठारे पाहिली तर हे भान त्या बांधणाऱ्यांनाही होते हे दिसते. जाड भिंती, वस्तीपासून अंतर, उघडीप अगदी थोडी. तरीही एक बॉम्बगोळा पुरे होई. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगडाला वेढा घातला, तेव्हा गडावरच्या दारूकोठारावर गोळा पडून स्फोट झाला आणि लगेच गड शरण गेला. पण गडाचे कोठार एका जागी स्थिर असते. युद्धनौकेचे कोठार तोफेच्या थेट खाली असते आणि तिथून वर तोफेपर्यंत दारूची सतत ये-जा चालते. ज्या वाटेने दारू वर जाते, त्याच वाटेने आग खाली येऊ शकते.

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॅटलक्रूझरचा विचार करा. वर पोलादी टरेट, त्यात दोन तोफा. टरेटखाली कामाची खोली, तिच्याखाली दारू हातोहात देण्याची खोली आणि तिच्या शेजारी भिंतीआड कोठार. ‘लायन’ या नौकेच्या साडेतेरा इंची तोफेला एका गोळ्यामागे १३० किलोपेक्षा अधिक कॉर्डाइट लागे, चार रेशमी पिशव्यांत विभागलेले. कोठारात या पिशव्या धातूच्या डब्यांत असत. नियम सरळ होता : डबा कोठारात उघडायचा, पिशव्या लगेच वर पाठवायच्या, दार बंद ठेवायचे. जर्मन पद्धत थोडी वेगळी होती. त्यांच्या दारूचा मोठा भाग पितळी काडतुसाच्या नळ्यात असे, फक्त पुढचा भाग रेशमी पिशवीत. म्हणजे तोफेत जाईपर्यंत बहुतेक दारू धातूच्या कवचातच राही.

इशारे दोन्ही बाजूंना मिळाले होते. ८ डिसेंबर १९१४ रोजी फॉकलंड बेटांजवळच्या लढाईत ‘केंट’ या ब्रिटिश क्रूझरच्या एका तोफेजवळ गोळा फुटला, दारू पेटली आणि आगीचा लोळ दारू वर आणण्याच्या वाटेने खाली उतरला. चार्ल्स मेज नावाच्या सार्जंटने पेटती दारू दूर फेकली, आतल्या भागात पाणी सोडले आणि जहाज वाचले. त्याला पदक मिळाले. पण तो तिथे नसता तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर आरमाराच्या रोजच्या सवयींत कुठे उतरले नाही.

२४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँकच्या लढाईत ‘लायन’चा एक गोळा जर्मन ‘झायडलिट्झ’च्या मागच्या टरेटच्या बुंध्यावर आदळला. कामाच्या खोलीतली दारू पेटली. माणसांनी सुटकेसाठी शेजारच्या टरेटकडचे दार उघडले आणि आग त्या दारातून दुसऱ्या टरेटमध्ये शिरली. सुमारे सहा टन दारू जळाली, दीडशेहून अधिक माणसे गेली. विल्हेल्म हाइडकाम्प या पंपाच्या कामगाराने तापून लाल झालेली झडप हात भाजत असतानाही फिरवली, कोठारात पाणी शिरले आणि जहाज वाचले. यानंतर एका वेळी कवचाबाहेर किती दारू राहू द्यायची, यावर जर्मनांनी बंधने कडक केली.

त्याच लढाईतून ब्रिटिशांनी काढलेला धडा उलटा होता. आपला मारा पुरेसा जलद नव्हता, असे त्यांना वाटले. मग जलद मारा हेच शौर्य ठरले. दारू कमी पडू नये म्हणून डब्यांची झाकणे आधीच काढून ठेवू लागले, पिशव्या हातोहात देण्याच्या खोलीत रचू लागले, कोठाराची दारे उघडी राहू लागली. असे करणाऱ्यांना आपण नियम मोडतो आहोत असे वाटतही नसेल. प्रत्येकाला वाटत होते, की आपण तोफेची वाट मोकळी करत आहोत.

३१ मे १९१६, जटलंडची लढाई. दुपारी चारच्या सुमारास ‘इनडिफॅटिगेबल’ स्फोटाने बुडाली. हजारावर माणसे होती, वाचली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. साडेचारच्या सुमारास ‘क्वीन मेरी’ फुटून दुभंगली, सुमारे १,२६० माणसे गेली. संध्याकाळी साडेसहानंतर ‘इन्व्हिन्सिबल’चे दोन तुकडे झाले, सहा जण वाचले. तीन नौका मिळून ३,३०० हून अधिक बळी. त्याच दिवशी जर्मन ‘डर्फलिंगर’ आणि ‘झायडलिट्झ’ यांचीही टरेट जळाली, माणसे मेली, पण एकाही जर्मन बॅटलक्रूझरचे कोठार उडाले नाही.

आणि एक ब्रिटिश नौकाही वाचली. तीच, ‘लायन’. तिच्यावर १९१५ मध्ये अलेक्झांडर ग्रँट नावाचा मुख्य गनर आला होता. हे काही मोठ्या घराण्यातल्या अधिकाऱ्याचे पद नव्हे, खालून चढत आलेल्या अनुभवी माणसाचे. कोठारांची अवस्था पाहून तो अस्वस्थ झाला. कप्तान चॅटफिल्ड यांच्या संमतीने त्याने जुनी शिस्त पुन्हा बसवली. लढाईत कोठाराचे एकच दार वापरायचे, मारा थांबला की तेही लावायचे. हातोहात देण्याच्या खोलीत एका तोफेपुरत्या एका भरण्यापेक्षा जास्त दारू नको. मागणी आल्याशिवाय डब्याचे झाकण काढायचे नाही. अशाने तोफा उपाशी राहतील, अशी शंका होती. त्याने सराव घेऊन दाखवले, की शिस्तीतही कोठारातून दारू तोफेच्या गरजेपेक्षा वेगाने वर जाते. घाई करण्याची मुळात गरजच नव्हती.

जटलंडला ‘लायन’च्या मधल्या ‘क्यू’ टरेटवर गोळा फुटला. जखमी मेजर फ्रान्सिस हार्वे यांनी मरण्यापूर्वी कोठाराची दारे बंद करून पाणी सोडण्याचा हुकूम दिला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो योग्यच होता. सुमारे अर्ध्या तासाने धुमसत्या आगीने वाटेतली दारू पेटली. ज्वाळा खालपर्यंत गेल्या, त्या वाटेवरचा एकही माणूस वाचला नाही. कोठाराच्या भिंती वाकल्या, पण दार बंद होते आणि आत पाणी होते. जहाज तरंगत राहिले. हार्वेंच्या हुकुमाला अर्थ आला, कारण वाटेत जळायला जे होते ते मोजके होते. ते मोजके कोणी ठेवले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

लढाईनंतर दारू हाताळण्याच्या पद्धतीवर आरमारात आतल्या आत वाद झाला. आगीचा लोळ अडवण्याची दारे आणि पडदे बसवले गेले, नियमही घट्ट झाले. जाहीर चर्चा मात्र दीर्घकाळ चिलखताच्या जाडीभोवतीच फिरत राहिली. कॉर्डाइटच्या दर्जाचा दोष होताच, चिलखतही पातळ होते. पण चिलखत पातळ होते असे म्हटले की दोष जहाज बांधणाऱ्याकडे जातो. झाकणे उघडी होती असे म्हटले, तर जलद माऱ्याचा आग्रह धरणाऱ्यांना आणि मेलेल्या सोबत्यांना नावे ठेवल्यासारखे होते. पहिले बोलणे सोपे होते. मला मात्र वाटते, दुसरे बोलणे हाच त्या मेलेल्यांचा खरा मान ठरला असता.

आज पिशव्यांची जागा हळूहळू कडक, आपोआप जळून जाणाऱ्या ठोकळ्यांनी घेतली आहे. बिहारमधील नालंदा येथील आयुध निर्माणीत १५५ मिलिमीटर तोफेसाठी असे भरणे तयार होतात. कापड गेले, शिवण गेली. पण हे ठोकळेही जळण्यासाठीच केलेले आहेत, त्यामुळे तोफेपर्यंतचा प्रवास हवाबंद नळकांड्यातूनच. ओल आणि आच हे वैरी तेच, आणि त्यांना अडवणारी वस्तूही तीच.

या शोधात मला एक गोष्ट उमगली. ओल अडवण्याचे काम डबा वर्षानुवर्षे आपल्या आपण करतो, त्याला माणूस लागत नाही. आच अडवण्याचे काम मात्र लढाईच्या काही मिनिटांचे असते, आणि नेमक्या त्या मिनिटांत झाकण माणसाच्या हातात असते. डबा कितीही चांगला केला तरी झाकण कधी काढायचे हे त्याला ठरवता येत नाही.

माझ्या नळकांड्यात आता आंबेमोहोर आहे. दुकानदार खोटे बोलला नव्हता, तांदूळ खरेच सादळत नाही. रोज माप काढून झाले की मी झाकण लावतो आणि खटका बसल्याचा आवाज ऐकूनच वळतो. घरातले हसतात. यंदाचे फटाके उन्हात घालताना मी नातवाला अलेक्झांडर ग्रँटची गोष्ट सांगणार आहे.