टर्बोचे तेल परतते कसे?

सोयाबीनच्या काढणीला वाशिम-मंगरुळपीर भागात हार्वेस्टर येतात. त्यांच्या डिझेल एंजिनावर पुष्कळदा गोगलगायीच्या शंखासारखा टर्बो असतो. बाहेर पडणारा तप्त धूर त्याचे चाक फिरवतो; त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून एंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले.

लहान टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत! हे तेल बारीक नळीतून पंपाच्या दाबाने येते. परतताना मात्र दाब उरत नाही, आणि घुसळल्यामुळे तेल ताकासारखे फेसाळते. ते केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये उतरायचे. म्हणून परतीची नळी चांगली रुंद व उतरती हवी, मध्ये झोळ नको; तिचे तोंडही चेंबरमधल्या तेलाच्या पातळीवर उघडावे, तेलात बुडू नये.

एक प्रयोग करा. बाटलीच्या तोंडात अरुंद नळीचे नरसाळे ठेवून सांधा ओल्या कणकेने बंद करा व भरकन पाणी ओता. थोडे उतरून पाणी थांबेल, कारण आतल्या हवेला वाट नाही. झिजलेल्या एंजिनात पिस्टनच्या कड्यांशेजारून वायू चेंबरमध्ये शिरतात, तिथला दाब वाढतो आणि टर्बोचे तेल असेच अडते.

तुंबलेले तेल दांड्यावरच्या कड्या ओलांडून धुराच्या वाटेत जाते व निळसर धूर निघतो. ऐन हंगामात घाईने नवा, महागडा टर्बो बसवला जातो, अन् धूर तसाच! आधी परतीची नळी सोडून, आत जळक्या तेलाची काजळी साचली आहे का ते पाहावे.