नेमाच्या पिस्तुलाची नळी केवढी असावी?

श्रोतेहो, ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर गोफण फिरवणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: गोफणीत धोंडा फार मोठा घातला, की हात ओढला जातो आणि नेम हुकतो. पिस्तुलाचेही तसेच आहे.

अकोल्याकडच्या एका गुरुजींनी मला विचारले, "मुलगी एन. सी. सी. त बंदुकीचा नेम छान धरते. पिस्तूल शिकवायचे तर बत्तीस बोअरचे बरे ना? मोठे ते चांगले!" नाही गुरुजी, इथे लहान तेच चांगले.

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. बावीस बोअर म्हणजे इंचाचे बावीस शतांश, सुमारे ५.६ मिलिमीटर. हवेच्या पिस्तुलाची नळी त्याहून बारीक, ४.५ मिलिमीटर. दहा मीटरच्या स्पर्धेत लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. तिथे छर्ऱ्याने कागदाला भोक पाडले, की काम झाले. जास्त ताकद काय कामाची?

उलट ताकदीबरोबर धक्का आणि आवाज येतो. नवशिका त्याला भितो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, मनगट खाली लववतो. वस्ताद कधी कधी त्याच्या नकळत पिस्तुलात खोटे काडतूस ठेवतात. बार होत नाही, पण नळी मात्र खाली झुकते! ही भीती एकदा हातात मुरली, की काढायला महिने लागतात.

म्हणून आधी हवेचे पिस्तूल. हात स्थिरावला की बावीस बोअर. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते २५ मीटरवर याच बावीस बोअरच्या पिस्तुलाने. बत्तीसच्या वाटेला जायचे कारणच नाही. दहा मीटरच्या स्पर्धेत दीड किलोपर्यंतचे पिस्तूल एका हाताने, हात लांब करून, साठ वेळा रोखायचे असते. तिथे खांदा आणि श्वास लागतो. हे कमावणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शरीर कमावण्याचेच काम करीत आले आहे.

पण लहान म्हणजे खेळणे नव्हे, बरे का. छर्ऱ्याने डोळा जातो. बावीस बोअरची गोळी मैलभराहून दूर जाऊ शकते. तुमचा धुरा तिला अडवीत नाही, आणि धुऱ्यापलीकडे कुणी निंदण करीत असेल. सराव करायचा तो मागे पक्का आडोसा असलेल्या मैदानावर, जाणत्या शिक्षकासमोरच. बावीस बोअरला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. हवेचे पिस्तूल घेण्याआधीही पोलीस ठाण्यात नियम विचारून घ्यावा.

तेव्हा गुरुजी, मुलीच्या हातात द्यायचे ते तिला न घाबरवणारे पिस्तूल. नळी लहान असू द्या. नेम आपोआप मोठा होईल.