गजकर्णाचं जेल विकायचंय? आधी ही बरणी बघा



हर्बल प्रॉडक्टच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती गजकर्णाच्या, म्हणजे नायट्याच्या जेलबद्दल. "सर, घरी बनवून विकता येईल का? खर्च किती येईल?" व्हिडिओत हा विषय मी दोन मिनिटांत उडवला होता, ती माझीच चूक. आज सविस्तर लिहितो.

राजापूरकडच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. पावसाळ्यात कोकणात टाकळ्याची भाजी होते, ती तुम्हाला माहीत असेल. त्याच टाकळ्याला संस्कृतात 'दद्रुघ्न' असं नाव आहे, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. ताईंच्या सासूबाई टाकळ्याच्या बिया ताकात वाटून लेप लावायच्या. ताईंनी विचार केला, लेप वाळून गळतो, कपडे खराब होतात, त्यापेक्षा जेल करू. बियांचा काढा केला, कोरफडीचा गर घातला, ऑनलाइन कार्बोपोल पावडर मागवली, 50 ग्रॅमच्या बरण्या भरल्या आणि लेबलही छापलं. गावात आणि पाहुण्यांत मिळून 60 बरण्या गेल्या. मला फोटो आला तेव्हा मीही अंगठा दाखवून मोकळा झालो.

तिसऱ्या आठवड्यात फोन.

"सर, जेल पाण्यासारखं पातळ झालंय ओ."

"आणि?"

"आणि वर हिरवट काहीतरी आलंय. बुरशीच्या औषधालाच बुरशी लागली."

आधी मला हसू आलं. मग लक्षात आलं की ह्याच बरण्या लोक जांघेत लावतायत.

असं का झालं ते समजून घ्या, कारण जेलचा सगळा धंदा इथेच आहे. कार्बोपोल साधारण अर्धा ते एक टक्का घेतात, पाण्यावर भुरभुरवतात आणि फुगू देतात. तोपर्यंत ते दुधट, पातळच दिसतं. मग ट्रायइथेनॉलअमाइन थेंब थेंब घातलं की आम्लपणा कमी होतो आणि डोळ्यांसमोर ते घट्ट, पारदर्शक होतं. बघायला मजा येते, म्हणून त्याचे व्हिडिओ खूप चालतात. पण ह्या जाळीला क्षार सहन होत नाहीत, आणि झाडपाल्याच्या काढ्यात क्षार असतातच. त्यामुळे जाळी सैल पडली आणि जेल पातळ झालं. दुसरं म्हणजे त्यात बहुतेक पाणीच, वर कोरफडीचा गर, आणि टिकवणारं द्रव्य काहीच नाही. बुरशीला आपण बरणीत घरच करून दिलं. टाकळा अमुक बुरशीवर चालत असेलही, पण काढ्यात किती उतरला आणि तीन आठवड्यांनी त्यातला किती शिल्लक राहिला, हे कुणी मोजलं होतं?

कंपन्या हेच मोजतात. आम्लता, घट्टपणा, त्वचेवर किती पसरतं, पातळ पडद्यातून औषध किती वेळात पार होतं, बुरशी वाढवलेल्या काचेच्या ताटलीत भोवती किती जागा मोकळी होते. आणि ट्यूब 40 अंश तापमानात, 75 टक्के दमटपणात सहा महिने ठेवून पुन्हा तेच सगळं तपासतात. एक्सपायरीची तारीख मनाने टाकता येत नाही ती ह्यामुळे.

आता कायद्याचं. लेबलवर 'गजकर्ण बरं करतं' लिहिलंत की तुमची वस्तू औषध झाली. आत कोरफड आहे की केमिकल, हा प्रश्न नंतरचा. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा वस्तू कशासाठी विकली जाते ते बघतो. "कॉस्मेटिकच्या लायसन्सवर काढू आणि लेबलवर फक्त 'खाजेवर उपयुक्त' लिहू" असं सांगणारे सल्लागार मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. विनापरवाना औषध बनवून विकणं हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि सही सल्लागाराची नसते, तुमची असते.

क्लोट्रिमाझोल, टर्बिनाफिन असलं जेल म्हणजे ॲलोपॅथी. त्याला शेड्यूल एम प्रमाणे कारखाना लागतो, आणि विकायला फार्मासिस्ट असलेलं औषध दुकान. नवीन छोट्या माणसाने तिकडे बघूच नये असं माझं मत आहे. टाकळा, करंज, कडुनिंब असलं जेल आयुर्वेदिक लायसन्सवर निघू शकतं. घटक कायद्याने मान्य केलेल्या ग्रंथांतले हवेत, कारखाना शेड्यूल टी प्रमाणे हवा, आयुर्वेदाची पदवी असलेला माणूस पूर्णवेळ हवा, आणि तुमचा स्वतःचा फॉर्म्युला असेल तर सुरक्षितता आणि उपयोग यांचे पुरावे मागतात. हे सगळं घरी जमणार नाही. पण ज्यांच्याकडे असं लायसन्स आधीच आहे त्यांच्याकडून बनवून घेता येतं. ते बनवणार, त्यांच्या लायसन्सवर तुमच्या प्रॉडक्टची मंजुरी घेणार, तुम्ही तुमच्या ब्रँडने विकणार. आपल्या राज्यात हे सगळं अन्न व औषध प्रशासनाकडे येतं. पैसे देण्याआधी लायसन्स आणि मंजुरीपत्राची प्रत हातात घ्या. व्हॉट्सॲपवर अर्धवट फोटो नको.

आता स्वतःचं सांगतो. 2019 मध्ये इचलकरंजीत माझ्या दुकानात मी एका व्यापाऱ्याकडून 'हर्बल' दाद मलमाच्या 200 ट्यूब घेतल्या होत्या. 38 ला पडायची, 90 ला जायची. इथे यंत्रमागावर 12-12 तास घामात उभे राहणारे कामगार, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच. तीन दिवसांत खाज बंद, लोक खूश, मी त्याहून खूश. दोन महिन्यांनी एक पोरगा आला. आधी मांडीवर असलेलं आता पोटावर चढलं होतं आणि जांघेत कातडी फाटल्यासारखे पट्टे पडले होते. त्याच्या डॉक्टरांनी ट्यूब मागवून बघितली आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असण्याची शक्यता खूप आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज लगेच दबते, पण बुरशी मरत नाही, आतून पसरते. कातडी पातळ होते ते वेगळंच. ट्यूबवर स्टेरॉइडचा उल्लेख नव्हता. लायसन्स नंबरही नव्हता, आणि तो मी घेताना बघितला नव्हता. बीबीए केलेला माणूस मी, मार्जिन तेवढं बघितलं. उरलेल्या 70 ट्यूब फेकल्या. त्या पोराला माझ्या दुकानात परत बघितलं नाही.

सरकारने 2018 मध्ये बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, ती ह्याच धिंगाण्यामुळे. शिवाय आता टर्बिनाफिनलाही दाद न देणारी बुरशी पसरली आहे. 2020 मध्ये तिचं नाव ठेवलं गेलं ते आपल्या देशावरून, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. काही अभिमानाची गोष्ट नाही. त्यामुळे गिऱ्हाईक अंगभर गजकर्ण घेऊन आलं, लहान मूल असलं, डायबेटिस असला, तर आपलं जेल कितीही चांगलं असो, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं.

ज्यांना तरीही ह्यात उतरायचं आहे त्यांच्यासाठी एक हिशेब. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढी दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून दोनदा लावलं तर एक ग्रॅम. गजकर्णाचा डाग गेलेला दिसला तरी बुरशी कातडीच्या वरच्या थरात राहते, म्हणून डॉक्टर साधारण दोन ते चार आठवडे लावायला सांगतात, तेही डागाच्या कडेबाहेर दोन बोटं. चार आठवडे म्हणजे 28 ग्रॅम. मग 15 ग्रॅमची ट्यूब काढून काय उपयोग? ती अर्ध्यावर संपते, तोवर खाज थांबलेली असते, गिऱ्हाईक दुसरी घेत नाही, महिन्याभरात सगळं परत येतं, आणि नाव तुमच्या ब्रँडचं खराब होतं. 30 ग्रॅमचीच काढा, जास्त किंमत लावा, आणि ती किंमत का आहे हे दुकानदाराला नीट समजावा. तोंड उघडं असलेली बरणी नको. बोटं बुचकळली की माल खराब.

राजापूरच्या ताईंनी 60 पैकी 43 बरण्या परत आणल्या, सगळ्यांना पैसे दिले. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगत होते, ताकातच वाटायचं असतं." आता एका आयुर्वेदिक कारखान्यात त्यांचं जेल तपासणीला आहे. कार्बोपोल काढून दुसरं आधारद्रव्य घेतलं, दोन सॅम्पल फेटाळली गेली, तिसऱ्याचा चौथा महिना चालू आहे. तोपर्यंत त्या टाकळ्याच्या बिया गोळा करून त्याच कारखान्याला विकतात, आणि सध्या घरात पैसा येतोय तो त्यातूनच.