आचार्यकुल ते ॲप

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ ला तिथे जन्मलेल्या माणसाचं नाव आज जिल्हा परिषदेच्या कितीतरी गुरुजींच्या आणि बाईंच्या फोनमध्ये आहे. पुण्याच्या ओपन लिंक्स फाउंडेशनने शिक्षकांसाठी काढलेल्या ॲपचं नावच ‘विनोबा’. वर्गात घेतलेला उपक्रम एका शाळेने त्यावर टाकायचा, दुसऱ्या तालुक्यातल्या शिक्षकाने तो पाहून आपल्या मुलांसोबत करून बघायचा.

हे नाव या कामाला शोभतं. शिक्षक एकमेकांशी बांधले जावेत, हा विनोबांचा ध्यास होता. ८ मार्च १९६८ ला बिहारमधल्या कहलगावला त्यांनी शिक्षकांच्या ‘आचार्यकुल’ या संघटनेची स्थापना केली. न्यायखात्याचा पगार सरकार देतं, तरी न्यायाधीश सरकारचं ऐकत नाही; शिक्षकाचंही तसंच असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. शिक्षकांच्या जाळ्याबद्दल मराठी माणसाने मांडलेला याहून धीट विचार मला माहीत नाही.

सरकारच्या आधारावर चालणाऱ्या शिक्षकांच्या व्यासपीठाचं काय होतं, हे त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी दिसलं होतं. शिक्षण खात्याच्या ‘शालापत्रक’ या नियतकालिकातली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची लेखणी सरकारला मानवली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडलं.

पुढच्या काळात शिक्षकांची केंद्र संमेलनं, प्रशिक्षणं चालत राहिली. बरंचसं वरून खाली. खरा बदल झाला तो २०१५ च्या सुमारास. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट. मुलं स्वतः करून शिकतात असे तिथले ज्ञानरचनावादी वर्ग, फरशीवर आखलेल्या आकृत्या, गटात बसून शिकणारी मुलं पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. परत गेल्यावर फोटो, व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरले. कुठल्याही परिपत्रकाशिवाय एका शाळेची फरशी पाहून दुसऱ्या शाळेची फरशी रंगली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. आचार्यकुल म्हणतात ते हेच.

दरम्यान ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ हे शिक्षणाचं डिजिटल व्यासपीठ आलं. कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यास फोनवरूनच गेला आणि शिक्षकांची प्रशिक्षणंही तिथेच झाली. ज्या वाडीवर रेंजच नाही तिथल्या शिक्षकाचे मात्र हाल झाले.

पण याच काळात व्हॉट्सॲपच्या गटांचा रंगही बदलला. जिथे उपक्रम यायचे, तिथे आता माहिती मागवणारे निरोप येऊ लागले: आजच, तातडीने, फोटोसह, लिंक भरून. एक छान तास घेतल्यावर सहकाऱ्याला सांगावं म्हणून फोटो काढणं आणि पुरावा म्हणून फोटो काढणं, यात फार अंतर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवरल्या कंत्राटी शिक्षकांच्या धोरणाविरुद्ध आंदोलन झालं, तेव्हा राज्यातले शिक्षक प्रशासनाच्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडले. बाहेर पडले ते प्रशासनाच्या गटांतून. शिक्षकांनी स्वतः, आपल्या हौसेने बनवलेले गट चालूच राहिले.