कुरडई फुलते तेव्हा

वाळलेली कुरडई तापलेल्या तेलात सोडली की क्षणभर काहीच होत नाही. मग कडेच्या तारा थरथरतात, तेलावर बारीक बुडबुड्यांची गर्दी होते आणि चार-पाच सेकंदांत तिचा पांढराशुभ्र फुलोरा होतो, मूळच्या दुप्पट-तिप्पट. झारा हातात घेईपर्यंत काम झालेलं असतं. सोडा घातलेला नाही, फुगवायला दुसरं काही मिसळलेलं नाही. साहित्य म्हणाल तर गहू, पाणी, मीठ, किंचित हिंग आणि चैत्र-वैशाखाचं ऊन. पुरणपोळीच्या ताटात ती इतकी सवयीची झाली आहे की हे फुलणं आपण नीट पाहतही नाही. मला मात्र स्वयंपाकघरात घडणाऱ्या साऱ्या गोष्टींत हे सगळ्यात थक्क करणारं वाटतं. कुरडईचं सोवळं मोठं असतं: पाणी रोज बदला, भांडं हलवू नका, चीक गरम असतानाच घाला. या एकेका बजावणीमागे गव्हाच्या पोटातल्या एका सूक्ष्म कणाचा स्वभाव आहे.

गव्हाच्या वजनात साधारण ६० ते ७० टक्के स्टार्च असतो. आपण त्याला चीक म्हणतो. पण तो सुटा नसतो. त्याचे कण दाण्याच्या आत प्रथिनांच्या गच्च भरावात रुतून बसलेले असतात. गहू नुसता दळला तर दोन्ही एकत्रच येतात, आणि त्या पिठाची पोळी होते, कुरडई होत नाही. ही ताटातूट करायला गहू तीन दिवस भिजत घालतात. पहिल्या दिवशी दाणे टपोरे होतात. दुसऱ्या दिवशी पाण्यावर फेस दिसतो आणि आंबूस वास सुटतो. दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद तिथे कामाला लागलेले असतात. त्यांनी केलेलं आम्ल आणि दाण्यातली जागी झालेली विकरं मिळून प्रथिनांची पकड सैल करतात. मात्र हेच काम जास्त लांबलं तर चीकही नासतो, म्हणून रोज पाणी बदलायचं, म्हणजे आंबणं चालू राहतं पण हाताबाहेर जात नाही. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबला की आतून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. गहू तयार झाल्याची खूण हीच. मक्यापासून स्टार्च काढणारे कारखानेही मका आधी भिजतच घालतात, फक्त त्यांच्याकडे पाणी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून त्यात गंधकाचा वायू विरघळवलेला असतो. आपल्याकडे ते काम हवा आणि जिवाणू करतात.

मग गहू वाटायचे, भरपूर पाण्यात कोळायचे आणि जुन्या धोतरातून किंवा पंच्यातून गाळायचे. कापडात कोंडा आणि चिवट चोथा उरतो. काही घरांत त्याच्याही वड्या घालून वाळवतात. खाली पातेल्यात दुधाळ पाणी जमतं. ते झाकून रात्रभर ठेवायचं, आणि घरातलं कुणी त्या पातेल्याला धक्का लावेल तर त्याची खैर नसते.

रात्रभरच का? गव्हाच्या चिकात दोन आकारांचे कण असतात. मोठे कण चपट्या भिंगासारखे, साधारण २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. छोटे गोल कण चार-पाच मायक्रॉनचे. दोन्ही पाण्यापेक्षा जड, त्यांची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट. म्हणजे दोन्ही बुडणारच, पण सारख्या वेगाने नाही. इंग्लंडमधल्या जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये दाखवून दिलं की द्रवातून हळू खाली जाणाऱ्या बारीक गोळ्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. पाचपट लहान कण पंचवीसपट हळू बसतो. पातेल्यात वीतभर पाणी असेल तर हिशेब असा येतो: मोठे कण अर्ध्या-पाऊण तासात तळाला लागतात आणि चार मायक्रॉनच्या कणांना दहा-बारा तास लागतात. संध्याकाळी झाकलेलं पातेलं सकाळी उघडायचं, हा घरोघरचा नियम आणि स्टोक्सचं सूत्र एकाच वेळेला येऊन भेटतात. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा उत्तराकडे बराच वेळ नुसती पाहत राहिले.

सकाळी वर पिवळसर नितळ पाणी असतं, खाली चीक. हे एका उभ्या काचेच्या बरणीत करून पाहा. तळाशी शुभ्र थर, त्यावर मळकट पातळ थर आणि वर निवळ स्पष्ट दिसते. मळकट थरात कोंड्याची धूळ आणि उरलेली प्रथिनं असतात. तो खरवडून टाकायचा, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा निवळू द्यायचं. हे नीट केलं नाही तर कुरडई लाल पडते, असं बायका सांगतात. हे वाक्य लक्षात ठेवा, तेलाशी पोचलो की त्याचं कारण कळेल.

तळाच्या चिकात जरा बोट घालून पाहा. झटक्याने टोचलं तर दगडावर आपटल्यासारखं थांबतं. हळूच टेकवून ठेवलं तर अलगद आत उतरतं. मूठभर चीक उचलून दाबला तर हातात घट्ट गोळा होतो आणि मूठ सैल करताच बोटांमधून ओघळून जातो. एकमेकांना खेटून बसलेल्या कणांना सरकायला जागा करून घ्यावी लागते आणि त्या जागेत पाणी शिरायला वेळ लागतो. तो वेळ दिला तर चीक द्रव, नाही दिला तर घन. दाटीने बसलेल्या कणांना सरकण्यासाठी असं पसरावं लागतं, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये मांडलं. पातेल्याचा तळ खरवडताना डाव अडतो तो याच्यामुळे.

घरात मुलं असतील तर आणखी एक गंमत दाखवता येते. वाटीत चमचाभर चीक वेगळा काढून त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. तपकिरी थेंब टेकता टेकता काळाभोर निळा होतो. स्टार्चचे काही रेणू मळसूत्रासारखे वळलेले असतात आणि आयोडीन त्या वेटोळ्यात शिरून बसतं. हा रंग फ्रान्समध्ये १८१४ मध्ये नोंदवला गेला आणि आजही शाळेच्या प्रयोगशाळेत स्टार्च ओळखायची खूण हीच आहे. वरची निवळ नीट काढली असेल तर तिच्यात एवढा गडद रंग येत नाही. वाटीतला चीक अर्थातच फेकून द्यायचा.

ही कृती किती जुनी असावी? रोमन मुत्सद्दी कॅटो याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात गव्हाचा चीक काढायची रीत दिली आहे: गहू साफ करा, दहा दिवस भिजवा, दिवसातून दोनदा पाणी घाला, मग नव्या कोऱ्या कापडातून पिळून सत्त्व काढा, ते भांडं उन्हात ठेवा, आणि वाळलेला चीक दुधात शिजवा. कुरडया घालायच्या दिवशी गरम चिकाची वाटी दूध-साखर घालून खाल्लेल्या कुणालाही ही शेवटची पायरी ओळखीची वाटेल. कॅटोच्या देशात तारा पाडल्या गेल्या नाहीत, पण भिजवणं, पिळणं, निवळणं आणि ऊन ही सारी पावलं तीच.

आता चूल. जितक्या वाट्या दाट चीक, तितक्याच वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं आणि चीक बारीक धारेने सोडत लाकडी चाटूने घोटायचं. इथे दोन माणसं लागतात, एक ओतायला आणि एक घोटायला. स्टार्चचा कण गार पाण्यात स्वस्थ पडून राहतो. पण ६० अंशांच्या आसपास त्याची आतली घडी उकलते. तो पाणी शोषून फुगतो, शेजाऱ्याला टेकतो, आतले काही लांब रेणू बाहेर सांडतात, आणि ताकासारखं पातळ मिश्रण बघता बघता इतकं दाटतं की चाटू ओढवत नाही. दुधाळ रंग जाऊन काचेची चकाकी येते. चीक एकदम ओतला तर बाहेरचा थर आधी शिजून बंद होतो, आतल्या कच्च्या कणांपर्यंत गरम पाणी पोचतच नाही, आणि गुठळी होते. ओल्या हाताला चिकटेनासा झाला की चीक शिजला. कच्चे राहिलेले कण आपापले सुटेच राहतात, म्हणून त्या कुरडया वाळताना तुटतात आणि तेलात फुलत नाहीत.

शिजला की वेळ न दवडता सोऱ्यातून तारा पाडून कुरडया घालायच्या. चीक गार होऊ लागताच बाहेर सांडलेले लांब रेणू एकमेकांना बिलगून गाठी मारायला लागतात, आणि मग सोऱ्या फिरवताना हात भरून येतात. गरम असतानाच तारा पडल्या की याच गाठी त्या तारांना जागच्या जागी धरून ठेवतात. पातळ चिकाचा असा स्वतःच्या आकारात उभा राहणारा घाट होतो, तो या बिलगण्यामुळे.

तार बारीक का, याचंही उत्तर आहे. आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत झिरपत यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. तार दुप्पट जाड केली तर वाळायला चौपट वेळ, आणि तेवढ्यात आत आंबूस वास धरलेला. बारीक तारांचं मोकळं वेटोळं मात्र सगळीकडून वारं घेतं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात एप्रिल-मेची दुपार चाळिशीपार आणि हवा खडखडीत कोरडी. तिथे दोन-तीन दिवसांत कुरडई खणखणीत होते.

वाळतानाची मधली अवस्था मुलांच्या आवडीची. राखण करायला बसवलेली मुलंच कावळ्यांच्या आधी ती अर्धवट वाळलेली, चिवट कुरडई संपवतात. त्या वेळी स्टार्च रबरासारखा असतो. पाणी आणखी कमी होऊन दहा-बारा टक्क्यांवर आलं की त्याचे रेणू हलायचे थांबतात आणि तो शास्त्राच्या भाषेतही खरोखर काच होतो. खिडकीच्या तावदानात जी अवस्था असते तीच: ठिसूळ, अर्धपारदर्शक, रेणू अस्ताव्यस्त पण गोठलेले. एवढ्या कोरड्या पदार्थात बुरशीला जगता येत नाही, म्हणून डबा वर्षभर टिकतो.

आणि मग तेल, १८० ते २०० अंशांचं. उष्णता बारीक तारेच्या गाभ्यात लगेच पोचते. काच पुन्हा रबर होते. त्याच क्षणी आत अडकून राहिलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ व्हायला लागते, आणि पाण्याची वाफ झाली की ती जवळजवळ सोळाशेपट जागा मागते. मऊ झालेली तार आतून ताणली जाते, हजारो सूक्ष्म फुगे तयार होतात. वाफ निसटून गेली की तार कोरडी होते आणि फुगलेल्या आकारातच पुन्हा काच बनते. काच, रबर, काच, हा सारा प्रवास चार-पाच सेकंदांचा. कुरकुरीतपणा म्हणजे त्या पातळ काचेच्या भिंती दाताखाली फुटणं. पावसाळ्यात तळलेली कुरडई उघडी राहिली तर हवेतलं पाणी पिऊन सादळते, म्हणजे पुन्हा रबराकडे झुकते.

एवढ्या तापलेल्या तेलात पुरी तांबूस होते, मग कुरडई पांढरी कशी राहते? तांबूसपणा यायला साखर आणि प्रथिनांचे अंश दोन्ही लागतात. तीन दिवस बदललेल्या आणि पुन्हा पुन्हा निवळलेल्या पाण्याबरोबर ते मोरीत वाहून गेलेले असतात. मळकट थर राहिला तर कुरडई लाल पडते, ती यामुळे.

याच चिकातला चमचाभर चीक पाच-सहा पट पाण्यात शिजवला की उत्तम खळ होते. आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या चिकटवायला मला बाजारच्या डिंकापेक्षा ती जास्त भरवशाची वाटते. कागद आणि चीक दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, फक्त कड्या वेगळ्या तऱ्हेने जोडलेल्या. म्हणून खळ वाळताना कागदाच्या तंतूंना घट्ट धरते, आणि ओलं केलं की पुन्हा सोडते. जुनी हस्तलिखितं आणि चित्रं दुरुस्त करणारे जगभरचे कारागीर गव्हाच्या चिकाचीच खळ वापरतात, कारण उद्या कुणाला ती दुरुस्ती काढून टाकायची झाली तर मूळ कागदाला इजा होत नाही. जपानमध्ये चित्रांच्या गुंडाळ्या मढवणारे कारागीर अशी खळ मडक्यांत भरून दहा-दहा वर्षं जुनी करतात. ती फार हलकी चिकटते आणि गुंडाळी मऊ राहते. इचलकरंजीत मागावर चढवण्याआधी सुताला जी खळ देतात, तिच्यातही स्टार्चच असतो.

डब्याच्या तळाशी मोडक्या कुरडया उरतातच. त्यांची भाजी करा. तारा मऊ होईपर्यंत पाण्यात भिजवून निथळा, मोहरी-मिरचीच्या फोडणीत कांदा परता, तिखट-मीठ घाला आणि कुरडया टाकून एक वाफ काढा. शिजलेल्या चिकाच्या या तारा एवढं पाणी पिऊनही विरघळत नाहीत. सोऱ्यातून पडल्यावर रेणूंनी मारलेल्या गाठी साध्या पाण्याने सुटत नाहीत, म्हणून तार मऊ होते, लांब होते, पण तार राहते. वरून लिंबू पिळा आणि गरम असतानाच खा. गार झाली की त्या तारा पुन्हा आखडू लागतात.